सैल लगामाचा छत्रपती

माझ्या पहिल्या साहेबांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. साताऱ्याजवळच्या एका कारखान्यात मी स्टोअर्स खात्यात चिकटलो, तेव्हाची ही गोष्ट. नट-बोल्टच्या पुडक्यापासून मोटरच्या पट्ट्यापर्यंत काहीही बाहेर काढायचे तर चिठ्ठीवर साहेबांची सही लागे, आणि चिठ्ठी दोनदा वाचल्याखेरीज ते सही करीत नसत. माणूस सज्जन, कष्टाळू, पैशाला चोख. पण मुलीच्या लग्नासाठी एकदा ते आठवडाभर गावी गेले, सवयीने किल्ल्याही बरोबर घेऊन गेले, आणि एका पट्ट्यासाठी एक मशीन तीन दिवस उभे राहिले. पुढे त्यांच्या खुर्चीवर मी आलो. आपण असे वागायचे नाही, हा निश्चय मी पहिल्याच दिवशी अमलात आणला आणि किल्ल्या हाताखालच्या एका हुशार मुलाच्या हवाली केल्या. खाते सुरळीत चालले. मी निवांत झालो. सात-आठ वर्षांनी एक दिवस माझ्या लक्षात आले, की माल पुरवणारे व्यापारी, कामगार, अगदी दारावरचा वॉचमनसुद्धा थेट त्या मुलाकडे जातो आणि माझ्याच खात्यातली वस्तू कुठे ठेवली आहे हे मला त्याला विचारावे लागते. त्याने काही लबाडी केली नव्हती. मीच माझी जागा रिकामी ठेवली होती.

त्या दिवसांत सुटीच्या सकाळी मी सायकलवरून संगम माहुलीला जात असे. कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात तिथे घाटाजवळ सातारच्या राजघराण्यातल्या समाध्या आहेत. त्यांतली एक थोरल्या शाहू छत्रपतींची. कोल्हापूरचे राजर्षी शाहू निराळे. हे त्यांच्या पावणेदोनशे वर्षे आधीचे, संभाजी महाराजांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे नातू. शाळेच्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला दोन ओळी येतात. ते मोगलांच्या कैदेतून सुटून आले, आणि त्यांनी बाळाजी विश्वनाथाला पेशवा केले. त्यानंतर धडा पेशव्यांच्या मागे धावत सुटतो आणि राजा साताऱ्यातच राहतो. मलाही वर्षानुवर्षे ते पुरेसे वाटले होते. माझ्या खात्यातला तो साक्षात्कार झाल्यावर मात्र मी रियासतकार सरदेसायांचा शाहूंवरचा खंड वाचनालयातून आणला, आणि मग इतर पुस्तके. एक्केचाळीस वर्षे राज्य करणाऱ्या या माणसाने सगळे दुसऱ्यांवर सोपवले होते. माझ्यासारखेच, पण माझ्यापेक्षा कितीतरी शहाणपणाने. आणि तरीही शेवटी त्यांच्या घराण्याचे जे झाले ते झालेच.

शाहूंचा जन्म 1682 सालचा, माणगावजवळच्या गांगवलीचा. सात वर्षांचे असताना वडिलांची हत्या झाली आणि त्याच वर्षी, 1689 च्या नोव्हेंबरात, रायगड पडला. आई येसूबाईंसह ते औरंगजेबाच्या छावणीत कैदी म्हणून दाखल झाले. कैद म्हणजे अंधारकोठडी नव्हे. बादशाहाने त्यांना राजा किताब आणि सात हजारांची मनसब दिली, आणि आपल्या डेऱ्यांच्या लाल कनातीशेजारीच त्यांना ठेवले. बादशाहाची मुलगी झीनतुन्निसा हिने या मायलेकरांवर माया केली. पण दाराबाहेर पाऊल टाकायचे तर परवानगी हवी. वयाच्या सातव्या वर्षापासून पंचविसाव्यापर्यंत, म्हणजे माणूस घडण्याची सगळी वर्षे, शाहूंनी अशी काढली.

आणि कुणाच्या शेजारी काढली? हिंदुस्थानच्या इतिहासात किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून फिरणारा सर्वात मोठा साहेब म्हणजे औरंगजेब. कष्टात त्याच्या तोडीचा राजा सापडणे कठीण. 1695 मध्ये कृष्णाकाठच्या गलगल्याच्या छावणीत आलेल्या जेमेल्ली कारेरी या इटालियन प्रवाशाने हा म्हातारा बादशाह पाहिला, तेव्हा तो चष्म्याशिवाय अर्ज वाचत होता आणि त्यांवर स्वतःच्या हाताने शेरे मारत होता. वय शहात्तर. दूरदूरच्या सुभ्यांतल्या किरकोळ अधिकाऱ्याची चूकही त्याच्या कानावर जाई आणि उत्तरादाखल पत्र निघे. पण एवढे करून त्याचा विश्वास कुणावर नव्हता. एक मुलगा, अकबर, बंड करून पळाला होता. थोरला मुअज्जम चाळिशी उलटलेला असताना 1687 मध्ये कैदेत पडला आणि सात-आठ वर्षे तिथेच राहिला. जिंजीच्या वेढ्यावर एक सरदार पाठवायचा, त्याच्यावर नजर ठेवायला दुसरा, मग शहाजादा; परिणाम असा, की तिथे सेनापतींनी शहाजादा कामबक्षालाच अटक केली आणि वेढा 1690 ते 1698 असा आठ वर्षे रेंगाळला. शेवटी ऐंशी उलटल्यावर बादशाह स्वतः किल्ले घ्यायला निघाला. 1699 च्या डिसेंबरात त्याने साताऱ्याला वेढा घातला. किल्ला पुढच्या एप्रिलमध्ये हाती आला आणि त्याचे नाव आझमतारा झाले. मग परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. तो पुढच्या गडाकडे वळला की मागचा मराठे परत घेत. 1707 मध्ये अहमदनगरच्या छावणीत तो अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होऊन वारला, तेव्हा उत्तरेतली राजधानी त्याने पंचवीस वर्षे पाहिली नव्हती.

हे सगळे शाहूंनी जवळून पाहिले. त्यातून ते काय शिकले हे त्यांनी कुठे लिहून ठेवलेले नाही, आणि मी त्यांच्या मनात शिरल्याचा आव आणणार नाही. पण पुढच्या चाळीस वर्षांत त्यांनी जे केले ते जवळजवळ सगळे औरंगजेबाच्या उलट आहे, एवढे मात्र खरे.

बादशाहाच्या मृत्यूनंतर शहाजादा आझमने 1707 च्या मे महिन्यात शाहूंना सोडले. मराठ्यांत दुफळी माजावी हा त्यातला हिशेब. येसूबाई ओलीस म्हणून मागेच राहिल्या. इकडे ताराबाईंनी, राजारामांच्या विधवेने, सात वर्षे औरंगजेबाशी झुंजून राज्य टिकवले होते. हा आलेला तरुण तोतया आहे असे त्यांनी जाहीर केले. तेव्हा परसोजी भोसल्यांनी शाहूंबरोबर एका ताटात जेवून त्यांचे खरेपण पटवल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. ऑक्टोबरात खेडच्या लढाईत ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंकडे आले आणि 12 जानेवारी 1708 रोजी साताऱ्यात राज्याभिषेक झाला.

त्याच प्रवासातली एक हकीकत मला फार बोलकी वाटते. मराठवाड्यातल्या पारद गावी वाटेत चकमक झाली, गावचा पाटील मारला गेला. त्याची विधवा आपले तान्हे मूल घेऊन आली आणि तिने ते शाहूंच्या पायावर घातले. शाहूंनी ते मूल उचलले, फत्तेसिंह नाव ठेवले आणि मुलासारखे वाढवले. अक्कलकोटचे भोसले घराणे त्याच्यापासून सुरू झाले. ज्याच्याशी वैर व्हावे तो माणूस घरात आणून बसवायचा, ही त्यांची रीत पहिल्या महिन्यांतच दिसते.

राज्याभिषेक झाला खरा, पण राज्य कुठे होते? येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. शिवाजी महाराजांनी सैन्याला रोख पगार देण्याची पद्धत ठेवली होती. वतने तोडून द्यायला ते नाखूष असत. एकट्याला गड शत्रूच्या हवाली करता येऊ नये म्हणून प्रत्येक गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी एकमेकांवर ठेवले होते. ती घट्ट मुठीची, आणि उत्तम चाललेली, व्यवस्था होती. पण संभाजी महाराजांनंतर राजा जिंजीला, खजिना रिकामा, गड शत्रूकडे, अशा अवस्थेत सरदारांनी आपापल्या हिमतीवर फौजा उभ्या केल्या, मुलूख मारला आणि राज्य वाचवले. ज्याने जे मिळवले ते त्याचे, असे राजारामांना मान्य करावेच लागले. शाहू परत आले तेव्हा या सरदारांना पगारी नोकर करणे कुणालाच शक्य नव्हते. पंचवीस वर्षांचा, ना फौज ना पैसा, मुलखाची ओळख नसलेला तरुण. तेव्हा लगाम सैल सोडणे हा शाहूंचा स्वभाव होता हे खरे, पण तो निव्वळ स्वभावाचा भाग नव्हता. घोडे आधीच उधळलेले होते. लगाम हातात आहे हे त्यांना पटवून देणे हेच पहिले काम होते.

पहिली पाच वर्षे वाईट गेली. धनाजींचा मुलगा चंद्रसेन सेनापती झाला, पण 1711 मध्ये शिकारीतल्या एका हरणावरून त्याचे आणि बाळाजी विश्वनाथाचे भांडण जुंपले. बाळाजी जीव घेऊन पांडवगडावर गेला. शाहूंनी बाळाजीला पाठीशी घातले. सेनापती शत्रूकडे गेला. पेशवा बहिरोपंत पिंगळे कान्होजी आंग्र्यांवर चालून गेला तो त्यांच्याच कैदेत पडला. आरमार आंग्र्यांचे, ते ताराबाईंच्या पक्षाचे. कोकण हातचे गेल्यातच जमा.

अशा वेळी, 1713 च्या नोव्हेंबरात, शाहूंनी पेशवाईची वस्त्रे बाळाजीला दिली. श्रीवर्धनकडचा, हिशेबात वाकबगार, घोड्यावर फारसा न शोभणारा माणूस. त्याला आंग्र्यांकडे पाठवले आणि काय बोलायचे ते त्याच्यावर सोपवले. बाळाजी लढला नाही, बोलला. 1714 मध्ये कान्होजी शाहूंचे सरखेल झाले, पिंगळे सुटले, आरमार छत्रपतींचे झाले. माणूस पारखायचा, काम सांगायचे, आणि मग त्याच्या हातापायांत दोर अडकवायचा नाही, ही शाहूंची पद्धत इथून पुढे रुळली. त्याच बाळाजीने 1719 मध्ये दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, आणि तीस वर्षांच्या कैदेतून सुटलेल्या येसूबाईंनाही. बारा वर्षांपूर्वी आईला मागे ठेवून आलेला मुलगा आता सदतिशीला आला होता.

सनदा आल्यावर वसुलीची जी वाटणी बसवली ती पाहण्यासारखी आहे. मी हिशेबी खात्यातला असल्यामुळे मला तरी ती वाचताना रंग चढला. चौथाईच्या शंभर रुपयांपैकी पंचवीस राजाची बाबती. सहा साहोत्रा म्हणून पंत सचिवाकडे. तीन नाडगौंडा, राजाने मर्जीप्रमाणे कुणालाही द्यायचे. उरलेले सहासष्ट मोकासा, म्हणजे फौज बाळगण्यासाठी सरदारांना. शिवाय एका सरदाराच्या मुलखात दुसऱ्याचा थोडा हक्क, तिसऱ्याचा आणखी थोडा, अशी गुंतवण, की एकट्याला सवतासुभा करणे जड जावे. सरदारांच्या कचेऱ्यांत हिशेब पाहायला दरकदार नेमले ते वेगळेच. आजच्या भाषेत सांगायचे तर पगारी नोकर गेले आणि कमिशनवरचे वितरक आले. वितरक हुरूपाने धंदा वाढवतो यात शंका नाही. पुढच्या वीस वर्षांत माळवा, गुजरात, बुंदेलखंड इथवर मराठ्यांचे घोडे पोचले ते या हुरुपावर. पण गिऱ्हाईक वितरकाला ओळखते, कंपनीला नाही.

बाळाजी 1720 च्या एप्रिलमध्ये वारला. मुलगा बाजीराव जेमतेम एकोणीस वर्षांचा. दरबारात जुनी, अनुभवी घराणी होती आणि त्यांचा विरोध उघड होता. शाहूंनी पंधरा दिवसांत मसूरच्या मुक्कामी बाजीरावाला पेशवा केले. ज्या साहेबाला सगळे स्वतः करायचे असते तो असा निर्णय कधी घेणार नाही, कारण आपल्यापेक्षा हुशार मुलगा हाताखाली घेणे त्याला मानवत नाही. प्रतिनिधी श्रीपतराव आधी घरचे सावरण्याच्या मताचे, बाजीराव उत्तरेकडे झेपावण्याच्या. शाहूंनी दोघांचे ऐकून घेतले, बाजीरावाला पाठिंबा दिला, आणि श्रीपतरावांनाही जवळच ठेवले. 1728 मध्ये पालखेडला निजामाची कोंडी झाली ती आखणी सर्वस्वी बाजीरावाची. साताऱ्याहून त्याला रस्ते सांगणारे पत्र गेले नाही म्हणूनच ती जमली, असे मी म्हणेन.

इथपर्यंत वाचून मी माझ्या त्या मुलाला किल्ल्या दिल्याचे समर्थन शोधत होतो, हे कबूल करतो. पुढचे वाचल्यावर ते निसटले.

1731 च्या एप्रिलमध्ये डभईला पेशवा आणि सेनापती, दोघेही शाहूंचे सेवक, एकमेकांशी लढले आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे मारले गेले. गुजरातच्या वसुलीवरून भांडण बरीच वर्षे धुमसत होते. साताऱ्याला ते माहीत होते. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणून ते तसेच राहू दिले गेले. शाहूंनी नंतर जे केले ते त्यांच्या मनाच्या मोठेपणाचे होते. ते स्वतः तळेगावला गेले, त्रिंबकरावांच्या आई उमाबाईंचे सांत्वन केले, सेनापतिपद त्याच घरात ठेवले, गुजरात दाभाड्यांचा आणि माळवा पेशव्यांचा अशी वाटणी करून दिली. बाजीरावाला त्यांनी शिक्षा केली नाही. करता आली नसती, हेही खरे. पण दरबारातल्या प्रत्येकाला त्या दिवशी कळले, की पेशव्याने सेनापतीला मारले तरी चालते. सेनापतिपद पुढे नावापुरते उरले.

आणि मग जंजिरा. शाहूंच्या पद्धतीचे सगळे कच्चे दुवे एका ठिकाणी पाहायचे तर 1733 ची ही मोहीम पाहावी. सिद्दीला समुद्रात बुडवायचे असे ठरले. बाजीराव निघाला, प्रतिनिधी श्रीपतराव निघाले, समुद्राकडून सेखोजी आंग्रे. तिघेही मोठे, तिघांवर मिळून एक सरदार कोण, हे साताऱ्याने ठरवलेच नाही. बाजीराव एका बाजूने बोलणी करीत असताना प्रतिनिधींच्या माणसांनी किल्लेदाराला फोडून जूनमध्ये रायगड हस्तगत केला. चव्वेचाळीस वर्षांनी थोरल्या महाराजांची राजधानी परत आली. शाहूंनी ती सात वर्षांच्या वयात कैदी म्हणून सोडली होती. त्यांना काय वाटले असेल! पण त्या विजयानेच पेशवा आणि प्रतिनिधी यांच्यातली अढी पक्की झाली. एकाने दुसऱ्याला मदत पाठवेना. पावसाळा आला, ऑगस्टमध्ये सेखोजी वारले, त्यांच्या भावांत भाऊबंदकी सुरू झाली. साताऱ्याहून शाहूंची पत्रांवर पत्रे जात होती: अमक्याने तमक्याला मदत करावी, ढिलाई करू नये. पत्रे कळकळीची आहेत, पण त्यांत निर्णय नाही. डिसेंबरात अर्धवट तह झाला. जंजिरा उभा राहिला तो अखेरपर्यंत.

लगाम सैल असला तर चालते. पण दोन घोडे एका गाडीला जुंपले की कुणाला डावीकडे ठेवायचे ते गाडीवानालाच सांगावे लागते. इथे शाहूंनी हात घालायला हवा होता आणि त्यांनी तो घातला नाही. त्यांना भांडणाचा मनापासून कंटाळा होता. अठरा वर्षे दुसऱ्यांच्या भांडणातले प्यादे म्हणून काढलेल्या माणसाला तो असणे मी समजू शकतो.

उलट 1743 चा प्रसंग. रघूजी भोसल्यांचे लोक बंगाल्यात शिरले होते आणि बाजीरावाचा मुलगा नानासाहेब पेशवा तिथल्या नवाबाच्या मदतीला जाऊन आपल्याच सरदाराशी लढला. डभईची पुनरावृत्ती व्हायला वेळ नव्हता. या वेळी शाहूंनी दोघांना साताऱ्याला बोलावून समोरासमोर बसवले आणि मुलूख वाटून दिला: बंगाल-ओरिसाची बाजू रघूजींची, माळवा-बुंदेलखंडाकडची पेशव्याची, एकाने दुसऱ्याच्या हद्दीत शिरायचे नाही. दोघांनी ते मानले. ज्यांच्या एकेकाच्या फौजेपुढे साताऱ्याची शिबंदी किस झाडाचा पाला, ते दोघे या न लढणाऱ्या राजाच्या शब्दावर परत फिरले. शाहूंकडे होते ते एवढेच: माणसे नेमणे, आणि त्यांची भांडणे मिटवणे. जेव्हा त्यांनी ते वेळेवर केले तेव्हा राज्य सावरले, जेव्हा लांबवले तेव्हा चिरफळी उडाली.

न लढणारा म्हटले, पण त्यांनी एक मोहीम स्वतः केली आहे. मिरजेची. साताऱ्याहून मिरज ती काय दूर! तरी लवाजम्यासह निघालेले महाराज मुक्काम करीत, शिकार करीत, दोन वर्षे घेऊन 1739 मध्ये मिरज जिंकून परतले. त्याच वर्षी चिमाजी आप्पांनी वसई घेतली होती. मला वाटते, महाराजांना या तुलनेचे हसूच आले असावे.

शिकारीचा त्यांना नाद होता, कुत्र्यांवर जीव होता. खंड्या नावाच्या कुत्र्याने त्यांना वाघापासून वाचवले, म्हणून त्याला जहागीर आणि पालखी मिळाल्याची कथा आहे. माहुलीला त्याचेही स्मारक दाखवतात. एकदा कुणी सरदार दागिन्यांनी मढून दरबारात यायचा होता, तेव्हा महाराजांनी साधा वेश केला, आपले जवाहीर कुत्र्याच्या अंगावर घातले आणि पागोटे त्याच्या डोक्यावर ठेवले. आणि पुढे स्वतः पागोटे घातलेच नाही. साताऱ्याचा पहिला इंग्रज अधिकारी ग्रँट डफ याने ही हकीकत लिहिली ती महाराजांच्या बिघडलेल्या मनाच्या संदर्भात. इंग्रजाला ते वेड वाटले. मला त्यात बादशाही छावणीत अठरा वर्षे किताब आणि शिरपाव पाहिलेल्या माणसाची चेष्टा दिसते. गणेश चिमणाजी वाडांनी त्यांच्या रोजनिशीतले वेचे काढून छापले आहेत. त्यांत हा वेडा राजा गावोगावची वतने, इनामे, तक्रारी यांचे निवाडे करताना दिसतो. रयतेचे काम ते सोपवून मोकळे झाले नव्हते.

पण पैशाकडे त्यांनी पाहिले नाही, आणि माझ्या मते खरी चूक ती. बाजीरावाच्या मोहिमा कर्जावर चालत. सावकारांचा तगादा त्याच्या पत्रांत सतत आहे. राजाच्या खजिन्यातून फौजेला पैसा जात नव्हता. कर्ज ज्याच्या डोक्यावर, मुलूखही तो आपलाच समजणार. 1740 मध्ये बाजीराव रावेरखेडीला वारला तेव्हा पेशवाईसाठी बाबूजी नाईक बारामतीकर पुढे आले, त्यांच्यामागे रघूजी भोसले. बाबूजी बाजीरावाचे सावकार. शाहूंनी पुन्हा त्याच घरातला एकोणीस वर्षांचा मुलगा निवडला. त्या वेळी ती निवड चुकीची म्हणता येणार नाही. तरी एकाच घरात तिसरी पिढी आली, आणि नेमणुकीचा हक्क वापरता वापरताच निसटू लागला.

1747 मध्ये तो हक्क महाराजांनी पुन्हा वापरून पाहिला. नानासाहेबाला पेशवेपदावरून दूर केले. काही आठवडे गेले. कारभार उचलायला दुसरा कोणी पुढे येईना. हिशेब, फौज, सावकार, उत्तरेतले वकील, सगळे धागे पुण्याच्या वाड्यात. वस्त्रे परत त्यालाच द्यावी लागली. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते. त्या मुलाची बदली दुसऱ्या खात्यात करावी असे मीही एकदा ठरवले होते, आणि चार दिवसांत गुपचूप कागद फाडला होता.

शेवटची दोन वर्षे दुखण्यात गेली. वारस नव्हता. थोरली राणी सकवारबाई एकीकडे, आणि ज्यांनी शाहूंना तोतया म्हटले होते त्या ताराबाई, आता म्हाताऱ्या, साताऱ्यातच राहात होत्या. त्यांनी आपला एक नातू लपवून वाढवला असल्याचे सांगितले: रामराजा. शाहूंनी त्याला दत्तक वारस मानायचे ठरवले आणि मरणाआधी स्वतःच्या हाताने दोन याद्या लिहून नानासाहेबाच्या स्वाधीन केल्या. राज्य त्याने सांभाळावे, गादीवर येईल त्याला मानावे, कोल्हापूरकरांना आणू नये, अशा आशयाच्या. 15 डिसेंबर 1749 रोजी ते गेले. वय सदुसष्ट. सकवारबाईंना सती जावे लागले. ती कहाणी निराळी आणि फार क्लेशाची आहे.

पुढच्याच वर्षी सांगोल्याच्या मुक्कामी रामराजाने कारभाराचे सगळे अधिकार पेशव्यांना लिहून दिले. नोव्हेंबरात ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले, आणि नंतर तो आपला नातू नव्हेच असेही शपथेवर सांगितले. शाहूंनी कैदेतून सुटून ज्या गादीची घडी बसवली तिच्यावर त्यांच्यामागून बसलेला पहिलाच माणूस कैदी झाला. राजधानी साताऱ्यात राहिली, राज्य पुण्याला गेले.

एक प्रथा मात्र मोडली नाही. पेशवा कोणी होवो, वस्त्रे साताऱ्याहूनच घ्यायची. 1761 मध्ये पानिपतानंतर सोळा वर्षांचे माधवराव त्यासाठी साताऱ्याला आले. 1774 मध्ये सवाई माधवराव पुरंदरावर जन्मले, आणि त्या चाळीस दिवसांच्या मुलासाठी छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रे घाट चढून गडावर नेण्यात आली.